कठड्यावरून न दिसलेली शर्यत

शर्यत म्हणजे काय, हे मला आधी कानांनी कळलं. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, भाताची खाचरं संपतात तिथं मोठा माळ होता आणि पीक निघालं की त्या माळावर बैलांच्या शर्यती व्हायच्या. किन्हवली, मुरबाड, शहापूर, पार वाड्याकडूनसुद्धा माणसं टेम्पोत बैल घालून यायची. बायकांनी तिथं जायचं नाही असा नियम कुणी केलेला नव्हता, पण जात कुणी नव्हतं. आम्ही घरी, चुलीपाशी. आई परातीत तांदळाची उकड मळायची, मी भाकऱ्या भाजायचे, कारण आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ओळखीची दहा-पंधरा माणसं जेवायला येणार हे ठरलेलंच असायचं. एका चुलीवर वालाचं बिरडं, दुसऱ्या चुलीवर तवा, आणि खालून भोंग्यातून पांडूकाकाचा आवाज. पांडूकाका आमचा शेजारी, आबांचा जिवाभावाचा दोस्त. आसपासच्या कुठल्याही शर्यतीत माइक त्याच्याच हातात असायचा. "आली, आली, आली, उजव्या अंगानं आली," असा त्याचा आवाज चढत जायचा, मग सगळ्या माळाचा एकदम ओरडा उठायचा, आणि मग काहीच नाही. तेवढ्यात सगळं संपलेलं असायचं. मी पिठाच्या हातानं गोठ्याच्या पडवीत धावत जायचे आणि झाडांच्या शेंड्यांवरून उठलेली धूळ बघायचे. माझ्या वाट्याला शर्यतीतली तेवढी धूळ आली.

आमच्या घरातली शर्यत सुरू व्हायची ती जेवताना. आबा ताटावर बसले की बोटानं रश्श्यात दोन रेघा ओढायचे. कुठला बैल कुठं बिचकला, गाडीवाल्यानं कासरा कुठं ढिला सोडला, कुणाच्या बैलाची मान आधी पुढं गेली, हे सगळं त्या दोन रेघांवर उभं राहायचं. दोन दमांत संपलेली शर्यत सांगायला आबांना अर्धा तास पुरायचा नाही. माणसं घास हातात धरून ऐकायची. आबांना बैलाच्या चालीतलं फार कळायचं, लोक त्यांना विचारून बैल घ्यायचे, आणि त्यांचा स्वतःचा पाखऱ्या नावाचा बैल तेव्हा नावाजलेला होता. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. एकदा न राहवून विचारलंसुद्धा, "आबा, एकदा मी येऊ बघायला?" आबा हसले. रागावलेसुद्धा नाहीत. "तुला काय कळनार गो त्यातला," एवढं म्हणून त्यांनी भाकरी मागितली.

मध्ये बरीच वर्षं त्या शर्यतींवर बंदी होती, आता पुन्हा सुरू झाल्यात. माझा भाचा मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवतो. मुरबाडच्या घरात खुर्चीत बसून मी आता हव्या तितक्या शर्यती बघू शकते. चष्मा लावेपर्यंत एखादी संपून जाते. मी परत लावते, परत संपते. गंमत वाटते, नाही असं नाही. पण ज्या वयात जीव तुटत होता त्या वयात धूळ बघायला लावून साठी जवळ आल्यावर कुणी पंगत वाढली, तर भुकेचं काय सांगायचं?

माझा भाऊ नामदेव, माझा दादा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. काळू नदीच्या डोहात म्हशींबरोबर पोहून वाढलेला, उंच, मांड्या खांबासारख्या. पाखऱ्याला पुढं तोच बघणार असं आबांनी धरून ठेवलं होतं. तो लष्करात भरती झाला. नोकरी लागली म्हणून आबांनी गावात पेढे वाटले, पण गोठ्यात जाऊन बराच वेळ बसले होते हे मी पाहिलं. पुढं दोन वर्षांनी दादा सुट्टीवर आला तो एक वेगळीच बातमी घेऊन. त्याच्या पलटणीत शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचा संघ होता. उंच, वजनदार आणि पाण्याला न भिणारी पोरं त्यांना हवी होती. दादाला त्यांनी उचललं होतं, आणि आता कवायत कमी नि होडी जास्त असं त्याचं चाललं होतं. आबांच्या काही केल्या हे गळ्याखाली उतरेना. "सैन्यात जाऊन होड्या खेळतोस?" त्यांनी विचारलं. "लोकानला काय सांगू मी? पोरगा होडीत बसून हवा खातो?"

दादा त्यांच्यापुढं गप्प बसला, पण दुसऱ्या दिवशी खळ्यावर त्यानं मला नि आईला सगळं समजावलं. आई सुपानं भात उपणत होती. दादा म्हणाला, "होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाय. जिथं जायचाय तिथूनच वारा येत असला, तं तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या अंगानं तिरकं, असं नागमोडी." आणि तो खरंच खळ्यावर नागमोडी चालून दाखवायला लागला, एक हात शिडासारखा बाहेर काढून. "समदे एका बाजूनं गेले म्हणून आपन जायचं नाय. पानी बगायचं. जिथं पानी काळं पडलंय, बारीक शहारा आलाय, तिथं वारा हाय. तो ज्याला आधी घावला तो जितला." आई सूप खाली न ठेवताच म्हणाली, "मंग त्यात काय. वारा फिरला का आमी पन पाठ फिरवतोच की. नायतर भूस सगळा तोंडावर." तिला एका वाक्यात कळलं. मला कळायला दोन दिवस लागले, पण मी दादाला खोदून खोदून विचारत राहिले, कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. या शर्यतीला बायका बघायला येतात, असं दादा बोलता बोलता म्हणून गेला होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मुंबईला परदेशी संघांबरोबर मोठी शर्यत ठरली आणि दादा त्यात एकट्यानं होडी चालवणार होता. त्यानं किन्हवलीच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. बघणाऱ्यांसाठी एक मोटारबोट शर्यतीच्या जवळ नेतात, तिचे दोन पास त्यानं मिळवले होते. आबांनी आणि मी यावं. मी. त्यानं माझं नाव घेतलं होतं. दुकानदारानं निरोप सांगितला तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पण आबांच्या डोक्यात काही वेगळंच शिजलं. आठ दिवसांत गावभर झालं की नामदेव गोऱ्या लोकांबरोबर शर्यत लावतोय. जे आबा होडीचं नाव काढलं की तोंड फिरवत होते, ते माळावर उभे राहून सांगायला लागले, "आमच्या रक्तातच हाय ती. बैल काय नि होडी काय, शेवटी शर्यत ती शर्यत." त्यांनी जीप ठरवली. पांडूकाका आला, सरपंच आले, बैलवाले दोन दोस्त आले, आणखी कोण कोण आलं. जीपमध्ये माणसं कोंबली होती आणि मी मागच्या फळीवर आईनं दिलेलं भाकऱ्यांचं गाठोडं मांडीवर धरून बसले होते. आई आली नाही. म्हशीची धार कोण काढणार होतं? जवळा कांद्यात परतून तिनं केळीच्या पानात बांधून दिला होता आणि त्याचा वास सबंध वाटभर जीपमध्ये भरून राहिला होता.

समुद्राच्या काठाला एक लांबलचक दगडी कठडा होता. तिथं पोचलो तेव्हा ऊन वर आलेलं. मोटारबोट पलीकडच्या धक्क्यावरून सुटणार होती. दादानं टपालानं पाठवलेले पास मी आबांना दाखवले. ते चिडले. "येवढी मानसं आनलीत मी नि आपन दोघं होडीत बसून जायचं? ह्यांनी काय करायचं, भेळ खायची?" मी म्हटलं, "मग मी एकटी जाते." पांडूकाका हसला, सरपंच हसले. आबांनी पास माझ्या हातातून घेऊन खिशात घातले. थोड्या वेळानं ती मोटारबोट आमच्या समोरून गेली. टोप्या घातलेल्या बायका कठड्याकडं बघून हात हलवत होत्या. मी हात हलवला नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. होड्या दूर, पार दूर, एका जागी घोटाळत होत्या. तीस-चाळीस असतील. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एकाच मापाच्या, शिडावर आकडा होता म्हणे, पण एवढ्या लांबून तो मुंगीएवढासुद्धा दिसत नव्हता. "आता सुटतील," आबा म्हणायचे. मग काही नाही. वारा धड नव्हता म्हणून शर्यत पुढं ढकलली होती, पण आम्हाला हे सांगणार कोण? भोंगा नाही, झेंडी दिसत नाही, धुरळा नाही. कठड्यावर माणसं येत होती, थोडा वेळ बघत होती आणि जात होती. दुपारी खायच्या म्हणून ठेवलेल्या भाकऱ्या अकरालाच संपल्या. पांडूकाकानं पोरकटपणे तोंडाशी मूठ धरून कॉमेंट्री सुरू केली. "हां मंडळी, तर पांढरी होडी पांढऱ्या होडीच्या म्होरं हाय, तिच्या मागून एक पांढरी होडी..." सगळे खो खो हसले. मग तो थांबला आणि खरोखर वैतागून म्हणाला, "अरे, बोलू काय पन? कायतरी झालं पायजे का नाय?"

आणि मला खरं विचाराल तर मलासुद्धा कंटाळा आला होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा शर्यत बघायला आले होते आणि डोळे मिटत होते. समुद्र नुसता चकाकत होता. मी स्वतःला चिमटे काढत होते.

शेवटी लांबून कसलासा बारीक आवाज आला, टाचणी पडल्यासारखा, आणि त्या सगळ्या होड्या एका दिशेनं कलल्या. शेजारी एक वयस्कर गृहस्थ दुर्बीण लावून उभे होते. माझा भाऊ त्यात आहे म्हटल्यावर त्यांनी आकडा विचारून घेतला, शोधला, आणि दुर्बीण आबांच्या हातात दिली. "तो बघा, डावीकडून चौथा. निळी टोपी." आबांनी दुर्बीण लावली. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "दिसला! नाम्या दिसला! आरं, वाकलाय बग कसा बाहेर!" जीपमधली सगळी माणसं गोळा झाली. आबा दुर्बीण कुणाला देईनात. "चल रे माझ्या राजा, चल, दाब, दाब!" ते माळावर ओरडायचे तसे ओरडायला लागले, आणि पांडूकाकाचाही आवाज चढला. त्या दोन मिनिटांत माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, हीच. हीच ती शर्यत. मी तिथं आहे.

आणि तेवढ्यात आबा गप्प झाले. सगळ्या होड्या डावीकडं चालल्या होत्या. त्यांतली एक वळली आणि उजवीकडं, एकटीच, मोकळ्या समुद्राकडं निघाली. दुर्बिणीशिवायसुद्धा दिसत होतं. "ह्यो कुठं चालला?" आबा म्हणाले. "आरं, उलटा कुठं? समदी तिकडं चाललीत, ह्यो..." सरपंचांनी दुर्बीण घेतली. बघितलं. परत दिली. बैलवाल्यांपैकी एक म्हणाला, "बिचकला." माळावर बैल रेघ सोडून शेतात शिरतो, तेव्हा वापरायचा तो शब्द. तो त्यांनी दादाला वापरला.

मी आबांचा हात धरला. "आबा, तो पळत नाय. तिकडं वारा असंल. दादानं सांगितलंय, समदे जातील तिकडं जायचं नाय, पानी बगायचं..." "तू गप." "आबा, होडी सरळ जातच नाय, तिरकी जाते, मग परत वळते. जरा थांबा, तो परत येईल." "गप बस म्हटलं ना!" त्यांचा आवाज फाटला होता. ते गृहस्थही काहीतरी सांगू बघत होते, पण आबांना आता कुणाचंच ऐकायचं नव्हतं. त्यांनी दुर्बीण त्यांच्या हातात कोंबली आणि कठड्यावरून उतरले. "चला. बगायचं काय राह्यलंय?" पांडूकाका म्हणाला, "थांबू की रं, आलोच हाय तं." आबा थांबले नाहीत. सगळी माणसं त्यांच्या मागून जीपकडं निघाली. काहींना सुटल्यासारखंही झालं असावं. ऊन फार होतं.

मी कठडा सोडला नाही. आबा परत आले, माझ्या दंडाला धरलं आणि ओढत नेलं. मी मान वळवून बघत होते. ती एकटी होडी एवढीशी झाली होती. आता सगळ्या होड्या इतक्या दूर गेल्या होत्या की कोण पुढं, कोण मागं, हे डोळे फोडून बघितलं तरी कळलं नसतं. परतीच्या वाटेवर भिवंडीच्या पुढं पांडूकाकानं समजूत काढायला म्हणून म्हटलं, "जाऊ दे रं. तसंपन त्याच्यात बगन्यासारखं काय नाय." आबा खिडकीबाहेर बघत होते. ते पास त्यांनी कुठं टाकले, मला माहीत नाही.

ती शर्यत दादा जिंकला. ज्या अंगाला तो एकटा गेला होता तिथंच वारा आधी आला होता आणि बाकीच्यांना वळून त्याच्या मागं यावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तो मीच घेतला. किन्हवलीच्या दुकानात, साखरेच्या पोत्याला टेकून. "कशी वाटली गो शर्यत?" त्यानं विचारलं. आवाजात हसू मावत नव्हतं. "वळायला पान्यात तरंगती खूण असते, त्या वरच्या खुणेवर मी पयला वळलो, तवा मोटारबोट जवळच व्हती. मी बगत व्हतो तुमाला. दिसला नायत." मी झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "आबा नीट पोचले ना घरी?" आणि फोन ठेवला.

आबांनी बातमी ऐकली आणि "बरं झालं" म्हणाले. गावात त्यांनी सांगितलं, पण हळू आवाजात, आणि गावानं मानलं असं मला वाटत नाही. सरपंचांनी स्वतःच्या डोळ्यांनी नाम्याला पळताना बघितलं होतं. दादा सुट्टीवर आला तेव्हा चषक घेऊन आला, तो आईनं देव्हाऱ्याशेजारी ठेवला. जेवताना दादानं रश्श्यात रेघ ओढून दाखवायला सुरुवात केली, "आबा, हितं मी व्हतो, वारा हितून..." आबा म्हणाले, "मी व्हतो ना तिथं. मला दिसलं ते दिसलं." दादानं हात धुतले. त्यानंतर घरात तो विषय त्यानं काढला नाही. मी मात्र काढत राहिले. वर्षभर. खळ्यावर, ओट्यावर, भात लावताना चिखलात. चवळीच्या शेंगा मांडून दाखवल्या, कागदाच्या होड्या केल्या. आबा हूं हूं करायचे आणि पाखऱ्याची मान खाजवायचे. मला कधीकधी इतका संताप यायचा की शेंगा उधळून द्याव्यात. पंगतभर माणसांना एका बैलाचं बिचकणं समजावून सांगणारा माणूस स्वतःच्या मुलाचं वळणं समजून घ्यायला तयार नव्हता.

पुढच्या वर्षी दादाला देशाच्या संघात जायची संधी आली. निवडीच्या शर्यती पुण्याजवळच्या एका धरणाच्या पाण्यात होत्या. दादा गुणांत तिसरा होता, घ्यायचे होते दोघे, आणि एक शर्यत बाकी होती. या खेपेला त्यानं कुणाला बोलावलं नाही. मलाच त्याच्या एका दोस्ताकडून कळलं. मी आबांना सांगितलं की मी जाते, एकटी जाते, शाळेत शिकवायला लागलेय आता, माझ्या पैशानं जाते. आबांनी पटका घेतला आणि माझ्याबरोबर एसटीच्या थांब्यावर येऊन उभे राहिले. मुरबाडहून माळशेजमार्गे गाडी होती. घाटात ते झोपले. त्यांना कशानं यावंसं वाटलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि नंतर विचारायचं राहून गेलं.

इथं पाणी जवळ होतं. काठावर बाभळीखाली बसलं की शिडांवरचे आकडे सहज वाचता येत होते. दादाचा चेहरासुद्धा दिसत होता. गुणांत त्याच्या पुढं असलेल्या दोन होड्या, त्याही ओळखू येत होत्या. सगळं दिसत होतं, आणि वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. होड्या पाण्यावर उभ्या केलेल्या पुठ्ठ्यांसारख्या नुसत्या उभ्या. शिडं लोंबत होती. दादा पाय होडीबाहेर सोडून बसला होता, मध्येच पाणी ओंजळीत घेऊन डोक्यावर मारत होता. पंचांच्या बोटीवर झेंडा चढे, सगळे सावध होत, मग झेंडा उतरे. दुपारपर्यंत वारा आला नाही तर शर्यत रद्द होणार होती, आणि रद्द झाली म्हणजे आहेत ते गुण कायम. दादा तिसरा. हे मी आबांना सांगितलं. मला वाटलं, नेहमीसारखं हूं म्हणतील. ते टक लावून पाण्याकडं बघत बसले.

इतका कंटाळवाणा दिवस मी आयुष्यात पाहिला नाही. आजकाल या शर्यती मोबाइलवर दिसतात. होड्यांना खाली पंख असतात, त्या पाण्याला न टेकता उडतात, पडद्यावर रेघा काढून कोण पुढं ते दाखवतात, बोलणारे घसा फोडतात, आणि तरी माझे यजमान पाच मिनिटांत घोरायला लागतात. मी त्यांना दोष देत नाही. लोक भांडतात की हा खेळ बघायला मजा येते की नाही. मी म्हणते, येत नाही. सांगणारं कुणी शेजारी असलं तर थोडी येते. पण त्या दिवशी तर सांगण्यासारखंही काही नव्हतं. मी उठले, फिरून आले, चहा आणला, पुन्हा उठले. आबा हलले नाहीत. ऊन बाभळीखाली सरकत त्यांच्या पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं. दोनदा पाण्यावर एका कोपऱ्यात काळसर शहारा उमटला आणि विरला. दुसऱ्यांदा तो उमटला तेव्हा आबा अर्धवट उठले आणि हात पुढं करून म्हणाले, "तिकडं, तिकडं!" मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मग ते पुन्हा बसले.

शेवटी पंचांच्या बोटीवरून लांब भोंगा वाजला. संपलं. होड्या वल्हवत, ढकलत काठाला यायला लागल्या. दादा आला तेव्हा त्यानं आम्हाला पाहिलं आणि कमरेएवढ्या पाण्यात तसाच उभा राहिला. होडीची दोरी हातात. इतक्या वर्षांची मेहनत, आणि धड हरायलासुद्धा मिळालं नव्हतं.

"कवा आलात?" त्यानं विचारलं.

"सकाळीच," आबा म्हणाले.

"तवापासून बसलात?"

"मंग."

दादानं दोरी हाताभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "कंटाळा आला असंल."

"लय," आबा म्हणाले. "लय म्हंजे लय. जीव नकोसा झाला बग."

मला वाटलं, झालं. आता हा वर्षभर घरी येणार नाही. पण दादा हसायला लागला. आधी गालात, मग मोठ्यानं, ओले डोळे पुसत. "मलापन, आबा," तो म्हणाला. "मलापन लय कंटाळा आला."

आबा काठावरून उतरले, धोतर वर खोचून पाण्यात शिरले आणि होडीच्या दुसऱ्या बाजूला हात लावला. "आन ह्यो वारा," ते म्हणाले, "तो तिकडं कोपऱ्यात आला व्हता ना, दोनदा? त्यो पानी काळं करीत आला व्हता, त्योच ना वारा?"

"त्योच."

"आन तू त्या खेपेला ममईला एकटाच गेलास, ते त्याच्यापायी?"

दादा थांबला. होडी दोघांच्या मध्ये डुलत होती. "व्हय," तो म्हणाला. "त्याच्यापायीच."

"आरं मग तसं सांगायचं ना," आबा म्हणाले.

मी काठावर आबांच्या चपला हातात घेऊन उभी होते. वर्षभर मी दुसरं काय सांगत होते? मला तिथंच ओरडावंसं वाटलं. पण ते दोघं होडी ओढत, एकमेकांच्या पायात पाय अडकवत, वाऱ्याविषयी बोलत वर चालले होते, आणि माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.